मागचे भाग न वाचलेल्यांसाठी

पाचव्या भागाच्या सुरुवातीला
दीड पानाचा सारांश असतो.
त्यात लिहिलंय : विश्वामित्रीच्या तळाशी दुसरं बडोदं आहे,
तिथली मांडवी उलटी लटकते,
आणि तिच्यातला दिवा
तीन मुलांनी चार वेळा विझता विझता वाचवला.

बरोबर आहे. खोटं काहीच नाही.
फक्त मगर एका वाक्यात आटोपलीय,
आणि यासीन अर्ध्या.

पहिल्या भागात सगळं स्वस्त होतं.
काळ्या घोड्याच्या पुलाखाली ती काठाला लागली
आणि पलीकडे न्यायचं भाडं सांगितलं : एक दुधाची दाढ.
माझी हलतच होती.
फाल्गुनीने रडत रडत उपटली.
यासीनने दोन दिल्या, वर सुट्टे परत मागितले.
मगर हसली होती तेव्हा.
हे सारांशात हवं होतं.

दुसऱ्या भागात तिने माझं घरातलं नाव घेतलं.
आई अजून जिन्यात उभी राहून हाक मारायला तोंड उघडते,
क्षणभर तशीच राहते,
आणि मग म्हणते, संयोगिता.
पूर्ण. हजेरीपटातल्यासारखं.
तिला वाटतं, मी मोठी झाले.

तिसरा भाग जाडजूड, सगळा लढायांचा.
लोकांना तोच आवडतो.
मला त्यातलं काही आठवत नाही,
बहुतेक भाडं म्हणून तेच दिलं असणार.

चौथ्याच्या शेवटी आम्ही तिघं निघालो
आणि काठावर दोघी आलो.
सारांश म्हणतो, 'यासीनने मागे राहायचं ठरवलं.'
ठरवलं?
पाणी छातीशी होतं, मगरीच्या पाठीवर जागा दोघांची.
तो म्हणाला, 'तमे जाओ, हुं आवुं छुं,'
रावपुऱ्यात पतंगांच्या दुकानाबाहेर
सायकल धरून म्हणायचा, अगदी तसंच.

त्याच्या अम्मीला आम्ही काय सांगितलं
ते कुठल्याच भागात नाही.
याकूतपुऱ्यातल्या त्या खोलीत त्यांनी शेवया वाढल्या.
आम्ही खाल्ल्या.
वाटी पुसून खाल्ल्या.
भिंतीवर त्याची फिरकी टांगलेली,
मांजा अर्धा गुंडाळलेला.

तर आता हा पाचवा.
मी सतरा वर्षांची. बारावी. दांडिया बाजारात संध्याकाळी क्लास.
नदी परवा पात्र सोडून गल्लीत आली
आणि जाताना तिला विसरून गेली,
क्लासच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधे.
वनखात्याची माणसं आली.
दोर, बांबू, जबड्याला चिकटपट्टीचे सात वेढे,
डोळ्यांवर ओलं गोणपाट.
सगळे मोबाइल वर धरून उभे.
सर म्हणाले, चला, इंटिग्रेशन राहिलंय.

रात्री पिंजरा टेम्पोत चढवलेला,
ड्रायव्हर चहाला गेलेला.
मी गोणपाट बाजूला केलं.
तिने ओळखलं की नाही, सांगता येत नाही,
मगरीचा डोळा सगळ्यांकडे तसाच बघतो.
तोंड बांधलेलं. भाडं सांगणार कसं?

चार भाग मी फक्त विचारत आले, किती?
आणि देत आले.
आज भाव मी सांगायचा होता
आणि माझ्याकडे काय उरलंय
याची मला नीट मोजदादही नव्हती.
दाढा पक्क्या. नाव एकच.
भीती बरीच, पण ती कोण घेतो?

फाल्गुनी मागे येऊन उभी राहिली, वर्षभरानंतर.
आम्ही बोलत नव्हतो.
(हेही सारांशात नाही.)
तिच्या हातात आईची शिवणाची कात्री होती.
पहिला वेढा तिने कापला, दुसरा मी.
तिसऱ्यापाशी ती थांबली,
मगरीच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असावा तिथे, वाकली
आणि म्हणाली,
'जायचं दोघींचं.
यायचं तिघांचं सांग.'

कोपऱ्यावर ड्रायव्हरचा खोकला ऐकू आला.
अजून चार वेढे होते.